डिझाईनमधील वापरकर्ता-संशोधन आणि चॅटबॉट : चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील अनुभवांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एखादी वस्तू, इमारत किंवा सेवा घडविण्यापूर्वी ती वापरणाऱ्या माणसाची गरज, सवय, भीती आणि भाषा समजून घेण्याच्या पद्धतशीर प्रयत्नास डिझाईनच्या क्षेत्रात वापरकर्ता-संशोधन असे म्हटले जाते. मुलाखत, निरीक्षण, प्रश्नावली व गटचर्चा ही त्याची परिचित साधने होत. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाल्यापासून या साधनांत चॅटबॉटची भर पडली आहे. प्रश्नावलीचा मसुदा तयार करणे, मुलाखतींचे लेखन व वर्गीकरण करणे, प्रत्यक्ष मुलाखत घेणे, इतकेच नव्हे तर वापरकर्त्याच्या वतीने उत्तरे देणे अशीही कामे आता यंत्राकडे सोपविली जात आहेत.

हा विषय संगणकशास्त्र किंवा डिझाईनच्या अभ्यासकांचा आहे, इतिहासाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध कसा, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. परंतु 'लोकांना विचारणे' या क्रियेला स्वतःचा इतिहास आहे आणि तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात विशेष स्पष्टपणे दिसतो. या प्रदेशातील माणसाविषयी सव्वाशे वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. मात्र त्यापैकी किती त्याला विचारून लिहिले गेले आणि किती त्याच्या वतीने दुसऱ्याने सांगितले, हा भेद महत्त्वाचा आहे. चॅटबॉटच्या उपयोगाविषयी निर्णय घेताना हाच भेद मार्गदर्शक ठरतो, असे प्रतिपादन प्रस्तुत शोधनिबंधात केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील लोकांकडून माहिती मिळविण्याच्या पद्धतींचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) गडचिरोलीतील आरोग्यविषयक कार्यात वापरकर्त्याच्या म्हणण्यावरून घडलेल्या रचनांचा अभ्यास करणे.
३) या अनुभवांच्या प्रकाशात चॅटबॉटचे उचित व अनुचित उपयोग निश्चित करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक ऐतिहासिक पद्धतीने केला असून त्यासाठी प्रकाशित अहवाल, ग्रंथ व संशोधन यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन

१. दुसऱ्याने दिलेली उत्तरे : वसाहतकालीन पाहण्या

इंग्रजी अमदानीत या प्रदेशाची माहिती मुख्यतः प्रशासकीय यंत्रणेमार्फत गोळा झाली. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९४ पासून हाती घेतलेली भारतीय भाषांची पाहणी हे त्याचे ठळक उदाहरण होय. या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये, तर गोंडीचा समावेश असलेला चौथा खंड १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलींचे नमुने जिल्हा अधिकाऱ्यांमार्फत मागविले जात. बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा सर्वत्र एकच ठेवून तिचे स्थानिक बोलीत भाषांतर मागविणे, हा पहिला नमुना होता. दुसरा नमुना मात्र भाषांतराचा नव्हता. त्या त्या ठिकाणची लोककथा किंवा निवेदन त्यात अपेक्षित होते.

या दोन नमुन्यांतील फरक लक्षणीय आहे. पहिल्यात सर्व बोलींची तुलना करणे सोपे जाते, कारण सर्वांना एकच मजकूर दिलेला असतो. पण त्यातून बोलणाऱ्याच्या जगातील गोष्टी बाहेर येत नाहीत; आपण दिलेली गोष्ट त्याच्या उच्चारात परत मिळते. दुसऱ्या नमुन्यात तुलना अवघड होते, परंतु काय सांगावे हे बोलणारा ठरवितो. वापरकर्ता-संशोधनातील बंद प्रश्नावली आणि मोकळी मुलाखत यांच्यातील ताण येथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दिसून येतो.

रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींविषयीचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रकाशित झाला. गोंडांपासून बांबूकाम करणाऱ्या बुरुडांपर्यंत अनेक समाजांची त्यात नोंद आहे. ग्रंथाची उपयुक्तता नाकारता येत नाही. तथापि त्यातील बरीच सामग्री तहसीलदार, शिक्षक व अन्य कर्मचाऱ्यांनी पाठविलेल्या टिपणांतून आलेली आहे. म्हणजे उत्तर देणारा आणि ज्याच्याविषयी उत्तर दिले जाते तो, या दोन भिन्न व्यक्ती होत्या. टिपण पाठविणारा माणूस प्रामाणिक असला तरी त्याला जे विचारले गेले आणि जे त्याच्या नजरेस पडले, तेवढेच कागदावर उतरले.

२. लोटा आणि डांबरी रस्ता

स्वातंत्र्यानंतर डिझाईनचा विचार सुरू झाला तेव्हा चार्ल्स व रे इम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात लोट्याचे उदाहरण घेतले. लोटा नव्याने घडवायचा झाल्यास त्यात किती पाणी मावावे, तो डोक्यावर की कमरेवर न्यायचा, भरल्यावर व रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, असे अनेक प्रश्न त्यांनी मांडले. लोट्याची रचना एका व्यक्तीने केलेली नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून ती सिद्ध झाली आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाईन संस्था आणि १९६९ मध्ये मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत औद्योगिक डिझाईन केंद्र स्थापन झाले. हाच विचार पोंभुर्णा परिसरातील सूप, टोपली किंवा धान्याची कणगी यांनाही लागू पडतो. या वस्तूंची माहिती प्रामुख्याने त्या विणणाऱ्या आणि वापरणाऱ्या हातांत आहे. कागदावर तिचा अल्प अंश उतरला आहे.

विचारणारा माणूस गावापर्यंत पोहोचला, तरी प्रश्न सुटतोच असे नाही. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात ग्रामीण पाहण्यांतील पूर्वग्रहांची चर्चा केली. बाहेरून आलेला अभ्यासक पक्क्या रस्त्यालगतच्या गावी जातो, कोरड्या हंगामात जातो, पुरुषांशी बोलतो, पुढाऱ्यांशी बोलतो आणि जेथे एखादी योजना चालू आहे तेथेच जातो. परिणामी रस्त्यापासून दूर असलेली वस्ती, पावसाळ्यातील हाल, स्त्रिया आणि योजनेबाहेरचे लोक त्याच्या वहीत येत नाहीत. वैनगंगेच्या काठावरील पोंभुर्णा तालुक्यात पावसाळ्यात फिरलेल्या कोणासही हे निरीक्षण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

३. गडचिरोलीतील तीन उदाहरणे

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८६ पासून तेथे कार्य आरंभिले. या कार्याचा विचार सामान्यतः सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने होतो. परंतु त्यातील तीन घटना वापरकर्ता-संशोधनाच्या इतिहासातही महत्त्वाच्या ठरतात.

पहिली घटना स्त्रियांच्या आजारांविषयीची आहे. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार असल्याचे आढळले. मात्र त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोपर्यंतचे ज्ञान प्रामुख्याने रुग्णालयात आलेल्या स्त्रियांवर आधारलेले होते. जी स्त्री रुग्णालयात गेलीच नाही, तिचा आजार कोणत्याही नोंदीत नव्हता. याच अभ्यासात तक्रार सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ५५ टक्के होते. याचा अर्थ असा की केवळ विचारणेही पुरेसे ठरले नसते. बोलण्याला प्रत्यक्ष तपासणीची जोड द्यावी लागली.

दुसरी घटना रुग्णालयाच्या रचनेची आहे. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनाच विचारले असता मिळालेली उत्तरे वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात सापडणारी नव्हती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर व परिचारिका पांढरे कपडे घालतात आणि आम्ही प्रेताला पांढरे वस्त्र गुंडाळतो. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. तेथे देव नसतो, अशा आशयाची ती उत्तरे होती. त्यानुसार शोधग्राम येथील दवाखान्याची मांडणी आदिवासी गावासारखी झोपड्यांची करण्यात आली. नातेवाइकांच्या मुक्कामाची सोय झाली आणि दवाखान्यास दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. येथे लोकांच्या उत्तराने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. खाटा किती हव्यात या प्रश्नाऐवजी, रुग्ण येथे येण्यास का धजावत नाही, हा प्रश्न पुढे आला.

तिसरी घटना एका लहानशा उपकरणाची आहे. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी एका मिनिटातील श्वास मोजावे लागतात. गावातील सुईणीला बाळ हाताळण्याचा अनुभव होता, पण पन्नास-साठपर्यंत अंक मोजणे जमत नव्हते. तिला अंक शिकविण्याऐवजी उपकरणच तिच्या ज्ञानाला अनुसरून घडविण्यात आले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी अशी या श्वासमापकाची रचना होती. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीतील क्षेत्रीय प्रयोगात, गावपातळीवरील उपचार उपलब्ध असलेल्या भागात बालकांचे न्यूमोनियामुळे होणारे मृत्यू तुलनेच्या भागापेक्षा निम्म्याहून कमी असल्याचे दिसून आले. या यशाचे श्रेय एकट्या उपकरणाला देता येणार नाही. परंतु सुईणीची क्षमता व मर्यादा जवळून पाहिल्याशिवाय असे उपकरण सुचले नसते, हे निश्चित.

या तिन्ही घटनांतील समान सूत्र असे की निर्णायक माहिती आधी कोठेही लिहिलेली नव्हती. ती मौनात होती, भीतीत होती, किंवा दहापुढे अडखळणाऱ्या मोजणीत होती.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. मोहन हिराबाई हिरालाल व देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने तेथे ग्रामसभेबरोबरच अभ्यासगटाची पद्धत रुजली. गावातील माणसे व बाहेरचे जाणकार एकत्र बसून विषयाचा अभ्यास करीत आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेत असे. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. माहिती देणारा गावकरी येथे स्वतःच अभ्यासक झाला, ही बाब वापरकर्ता-संशोधनाच्या दृष्टीने मोलाची आहे.

४. चॅटबॉट : साहाय्यक की प्रतिनिधी

संगणकाने माणसाशी संवाद साधण्याचा प्रयत्न नवा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे जोसेफ वायझेनबाऊम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा कार्यक्रम जाहीर केला. समोरच्याचेच वाक्य प्रश्नाच्या रूपात परत करणारी ही साधी रचना होती. तरीही वायझेनबाऊम यांच्या सचिव स्त्रीने एलायझाशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. ऐकल्याचा भास झाला तरी माणूस बोलू लागतो, असे त्यातून दिसले. महाराष्ट्रात २०१९ मध्ये 'आपले सरकार' सेवेसाठी चॅटबॉट सुरू झाला आणि २०२५ मध्ये 'महाविस्तार' या उपयोजनाद्वारे शेतकऱ्यांना मराठीतून प्रश्न विचारण्याची सोय झाली. चॅटबॉट हा आता आपल्या परिसराच्या बाहेरचा विषय राहिलेला नाही.

वापरकर्ता-संशोधनात चॅटबॉटचे दोन भिन्न उपयोग संभवतात. पहिल्यात तो संशोधकाचा साहाय्यक असतो. प्रश्नातील संदिग्धता दाखविणे, ध्वनिमुद्रित मुलाखतीचे लेखन करणे, शेकडो उत्तरांचे प्राथमिक वर्गीकरण करणे, ही कामे तो वेगाने करतो. मर्यादित निधी व अपुरे मनुष्यबळ असलेल्या ग्रामीण महाविद्यालयास ही मदत मोठीच आहे. मुलाखत घेण्याच्या बाबतीतही त्याचा विचार सरसकट नाकारता येणार नाही. टर्नर व सहकाऱ्यांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, कागदी प्रश्नावलीपेक्षा संगणकावर ध्वनीद्वारे विचारले असता किशोरवयीन मुलांनी संवेदनशील वर्तनाची कबुली अधिक प्रमाणात दिल्याचे आढळले होते. लज्जेमुळे जे माणसासमोर सांगता येत नाही, ते यंत्राला सांगणे काहींना सोपे वाटू शकते. मात्र त्यासाठी यंत्र त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हाती हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, २०१९-२१ मध्ये देशातील ग्रामीण स्त्रियांपैकी स्वतः वापरत असलेला मोबाईल ४६.६ टक्के स्त्रियांकडेच होता. घरातील सामाईक मोबाईलवर विचारलेला नाजूक प्रश्न हा खासगी प्रश्न राहत नाही.

दुसऱ्या उपयोगात चॅटबॉट स्वतःच वापरकर्त्याची भूमिका घेतो. 'तू चाळीस वर्षांची बांबूकाम करणारी स्त्री आहेस, या टोपलीविषयी तुझे मत सांग,' अशी सूचना दिली की यंत्र लगेच सुसंगत उत्तर देते. अर्गाईल व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतील मतदारांच्या संदर्भात असे दाखविले की भाषा-प्रारूपाची उत्तरे प्रत्यक्ष सर्वेक्षणातील गटांच्या उत्तरांशी बरीच जुळतात. तथापि बिस्बी व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये निदर्शनास आणले की अशा उत्तरांत माणसांमध्ये असते तितकी विविधता नसते आणि प्रश्नाची शब्दयोजना किंचित बदलली तरी उत्तर बदलते. शिवाय ज्या समाजाविषयी मुबलक लिखित सामग्री उपलब्ध आहे, तेथील हा अनुभव आहे.

भाषा-प्रारूप लिखित मजकुरावर घडते. ज्यांनी लिहिले आणि ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांचे जग त्यात अधिक येते. चेंबर्स यांच्या भाषेत बोलायचे तर लिखित मजकूर हाच यंत्राचा डांबरी रस्ता आहे. गडचिरोलीतील स्त्रियांच्या आजारांविषयी १९८८ पर्यंतचे सर्व उपलब्ध लेखन एखाद्या यंत्राला दिले असते, तर त्याने रुग्णालयीन नोंदींतील चित्रच अधिक नेटक्या शब्दांत परत केले असते. नोंदीत नसलेली स्त्री त्याच्या उत्तरातही नसती. यंत्राने वापरकर्त्याच्या वतीने बोलणे, हे तहसीलदाराने पाठविलेल्या टिपणाचेच नवे रूप आहे. फरक इतकाच की तहसीलदार निदान त्या तालुक्यात राहत होता.

५. बोलीचा प्रश्न

पोंभुर्णा परिसराची बोली झाडीबोली म्हणून ओळखली जाते. तिच्यात 'ण' ऐवजी 'न' आणि अनेक शब्दांत 'ळ' ऐवजी 'र' येतो. 'पाणी' हे 'पानी' होते, 'डोळा' हा 'डोरा' होतो. प्रमाण मराठीवर घडलेल्या यंत्राने 'डोरा' हा शब्द 'दोरा' असा लिहून घेतल्यास डोळ्याची तक्रार शिवणकामाच्या खात्यात जाऊ शकते. प्रश्न केवळ अशा चुकांचा नाही. यंत्राने वाक्य प्रमाण भाषेत नेटके करून दिले की बोलणाऱ्याचा संकोच, पुनरुक्ती व थांबणे नाहीसे होते, आणि वापरकर्ता-संशोधनात बहुतेक वेळा तेच महत्त्वाचे असते.

गोंडीची स्थिती याहून बिकट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी मातृभाषा असणारे सुमारे २९.८४ लाख लोक देशात होते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' या भाषांतर-साधनाची चाचणी आवृत्ती आणली व तीत संथाली, भिली, मुंडारी यांबरोबर गोंडीचाही समावेश केला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु अनेक राज्यांत विखुरलेल्या गोंडीची रूपे स्थानपरत्वे बदलतात. म्हणून भाषांतर झाले म्हणजे आकलन झाले, असे गृहीत धरता येणार नाही.

६. काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन स्तरावरील संशोधन-प्रकल्पांसाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) चॅटबॉटचा उपयोग पूर्वतयारी, लेखन व वर्गीकरण यांसाठी करावा, यंत्राने दिलेले उत्तर प्रतिसादक म्हणून कधीही मोजू नये. घरी बसून भरलेल्या प्रश्नावलीचा दोष आपल्या विद्यापीठीय संशोधनास नवीन नाही. यंत्रामुळे तो दोष अधिक सुबक व ओळखण्यास अधिक कठीण झाला आहे.

२) चॅटबॉटकडून मुलाखती घ्यावयाच्या असल्यास प्रशांतचंद्र महालनोबीस यांची पद्धत अनुसरावी. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगालमधील ताग पिकाच्या पाहणीत त्यांनी एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र नमुने घेऊन ते वेगवेगळ्या पथकांकडे दिले. दोघांच्या निष्कर्षांतील तफावतीवरून माहिती गोळा करण्यातील दोष उघड होत असे. त्याच धर्तीवर निम्म्या मुलाखती विद्यार्थ्याने व निम्म्या यंत्राने घेऊन दोहोंची तुलना करावी.

३) प्रत्येक मुलाखतीच्या नोंदीत 'न विचारता सांगितलेले' असा स्वतंत्र रकाना ठेवावा. पांढऱ्या कपड्यांची भीती कोणत्याही तयार पर्यायात बसली नसती.

४) मूळ ध्वनिमुद्रण जतन करावे व यंत्राने केलेले लेखन ती बोली बोलणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आशय लक्षात घेऊन, माहिती कोठे जाणार आहे हे सांगणाऱ्यास त्याच्या भाषेत समजावून मगच संमती घ्यावी.

५) निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी ते गावात वाचून दाखवावेत. मेंढा-लेखाच्या अभ्यासगटाने दाखविल्याप्रमाणे, माहिती देणाऱ्यास तिचा अर्थ लावण्याचाही अधिकार आहे.

निष्कर्ष

१) चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील वसाहतकालीन पाहण्यांत लोकांविषयीची माहिती बहुतांशी मध्यस्थांमार्फत मिळविली गेली, त्यामुळे प्रश्नाच्या चौकटीबाहेरील वास्तव नोंदले गेले नाही.

२) गडचिरोलीतील आरोग्यकार्यात वापरकर्त्याकडून मिळालेल्या अलिखित माहितीमुळे संशोधनाचा प्रश्न, इमारतीची रचना व उपकरणाचे स्वरूप या तिन्ही गोष्टी बदलल्या.

३) संशोधकाचा साहाय्यक म्हणून चॅटबॉट उपयुक्त आहे, वापरकर्त्याचा प्रतिनिधी म्हणून तो जुन्याच मध्यस्थीची पुनरावृत्ती करतो. ज्या समाजाविषयी लिखित सामग्री अल्प आहे, तेथे हा धोका अधिक संभवतो.

४) यंत्रामुळे वाचलेला वेळ प्रत्यक्ष गावात जाण्यासाठी खर्च झाला, तरच वापरकर्ता-संशोधनात त्याचा खरा लाभ होईल. पोंभुर्णासारख्या तालुक्यासाठी योजना, उपयोजने व वस्तू यापुढेही बाहेर घडत राहतील. त्या घडविणाऱ्यांच्या हाती येथील माणसाचे स्वतःचे म्हणणे पडावे की त्याच्या नावाने तयार झालेले सुबक उत्तर, हे ठरविण्यात येथील महाविद्यालयांना व त्यांच्या विद्यार्थ्यांना निश्चित वाटा उचलता येईल.